पहिल्याच मिनिटात गायब होणारा

चूक माझीच. सुरतेत नवागामहून कतारगामला जाणाऱ्या शेअर रिक्षात मी एका माणसाला सगळ्यांदेखत खोटारडा ठरवलं. तो यंत्रमागावर कामाला होता आणि परग्रहवासीयांच्या विनोदी गोष्टी लिहायचा. गल्लीतली मंडळी त्या गोष्टींचे अहिराणी व्हिडिओ काढायची. प्रत्येकात आपण आहोत, असं सांगून तो मोबाइल पुढे करायचा आणि चित्र थांबवायचा. "हाऊ मीच शे, भाऊ!" दिसायची फक्त लुंगीतली पाठ, तीही उडत्या तबकडीत ओढली जाताना.

"अशी पाठ तर कुणाचीही असेल," मी म्हणालो. अख्खी रिक्षा हसली.

तो शांतपणे म्हणाला, "तोंड दाखवायला वेळ कुठे? सातला कारखान्यात पाळी लागते. म्हणून मी स्वतःला पहिल्याच मिनिटात उचलून न्यायला लावतो."

त्यानंतर त्याने मोबाइल खिशातून काढलाच नाही.

मला राहवेना. रविवारी सगळे व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात तो माणूस वर ओढला जाताना मनगटावरचं घड्याळ बघत होता, अगदी रिक्षात हा दर सिग्नलला बघतो तसं.

सोमवारी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दादा, ते तुम्हीच आहात. मी नीट न बघताच तुम्हाला खोटं पाडलं. माफ करा."