दोन बोटं आत गेलेली खूण

लाइलच्या बंदुकीचा दस्ता बघितला की होबार्ट साइझमोरच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगा! मेपलच्या लाकडात असे पट्टे उठलेले, की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. आणि ह्या लाइलला दारू मोजायला, शिशाची गोळी ओतायला शिकवलं कुणी? होबार्टनं! आता शनिवारी नेमबाजीच्या माळावर जो तो लाइलभोवती. होबार्टची बंदूक झाडाला टेकलेली, तिकडे कुत्रंही फिरकायचं नाही.

त्यात रॅन्समकाकांनी काडी टाकली. नव्वदीला टेकलेला म्हातारा, हात कापायला लागलेले. त्यांच्या पणजोबांची ठासणीची बंदूक घरात पडून होती. नळी गंजलेली, दस्ता चिरलेला. ती आपल्या हातानं नीट करायची म्हणून होबार्ट वीस वर्षं मागे लागला होता. काका म्हणाले, "तुम्हा दोघांत आज जो जिंकेल त्यानं न्यावी. एकेकच बार. वाजला नाही तर गेला."

होबार्टनं आधी मारला. जाळून काळ्या केलेल्या फळीवर चाकूनं फुली कोरलेली असते, तिच्यापासून अर्ध्या बोटावर भोक पडलं. बरं होतं. पण लाइलला एवढं रोजचंच.

लाइल बंदूक भरायला उभा राहिला, तसे चारजण मध्ये घुसलेच. "अरे, दस्त्याला हा रंग आणलास कुठनं?" बोलता बोलता त्यानं फडक्यात गुंडाळलेली गोळी नळीच्या तोंडावर ठेवली आणि गजानं खाली सारली. गजावर ज्याची त्याची खूण असते. आत दारू असली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी थांबते. लाइलची खूण दोन बोटं आत गेली.

बेट्यानं दारू घातलीच नव्हती!

असं दिसलं की शेजारच्यानं ओरडायचं, "अरे, दारू!" मग स्वतःची हार का होईना. होबार्टच्या जिभेवर शब्द आला होता. त्यानं तो गिळला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

लाइलनं चाप ओढला. ठिणगी पडली, वरची रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, तेवढी फुस्स झाली, बार काही वाजला नाही. सगळा माळ खो खो हसला. लाइलही हसला. "मेलो! बडबड नडली, दुसरं काय!"

काकांनी पणजोबांची बंदूक होबार्टच्या हातात दिली, पण आपला हात काढेनात. हळूच म्हणाले, "हात कापतात रे माझे, पण डोळे धड आहेत. गज मीही बघितला."

"मग ओरडला का नाहीत, काका?"

"तुझी वाट बघत होतो."

तेवढ्यात लाइल एक बाटली घेऊन धावत आला. "घे हा रंग. तूच सांगितलेला, तेजाबात खिळे विरवून केलेला. फक्त तू म्हणालास तसा वर्षभर मुरू दिला. तुझा कुठे धीर निघतो! ह्या म्हाताऱ्या बंदुकीला शोभेल बघ."

होबार्टला वाटलं होतं, बंदूक मिळाली की जळणं थांबेल. कसलं काय! ह्या मेल्याला हरल्याचं धड वाईटही वाटत नाही, म्हणून तो आणखीच जळला.

तीन महिने झाले. बंदूक भिंतीला टेकून आहे, बाटलीचं बूच निघालेलं नाही. शनिवारी माळावर लाइल विचारतो, "काय रे, झाली का नीट?" आणि होबार्ट बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो.