अष्टग्रहीतले पोथीबुवा

सन बासष्ट. मी बावीस वर्षांचा, शाळा दुसरीतच सुटलेली. आमच्या गावात देवळात पोथी सांगणारे एक बुवा होते. हा माणूस वळणाच्या अलीकडूनच मोठ्यानं खोकायचा. खोकला नव्हता त्यांना. म्हणायचे, "समोरून बाई मोळी घिऊन येती. दचकली तर मान मोडंल तिची."

शास्त्रात दैवी गुण सांगितलेत, त्यांत पहिला अभय, असं ते सांगत. पोरं डिवचायची, "मंग बुवा, तुमाला भ्या वाटतच न्हाई व्हय?" बुवा हसायचे. "लई वाटतं. पन आपल्यामुळं दुसऱ्याला वाटू ने, ह्ये खरं अभय."

त्या वर्षी पौषाच्या अवसेला आठ ग्रह मकरेत येणार, पृथ्वी बुडणार, अशी आवई उठली. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, बियाणंसुद्धा दळलं. अवसेच्या दिवशी सगळं गाव घरं सोडून माळावर होमाभोवती बसलं. बांधलेलं जनावर मरायला नको म्हणून बैल मोकळे सोडले. बुवा आदल्या दिवशी दारोदार सांगत फिरले होते, "गुरं सोडू नगा, उधळली तर मानसं तुडवत्याल." कुणी ऐकलं नाही. मी मात्र माझी बैलजोडी दाव्यानं धरून बसलो. उगाच पळणारी जात नाही आमची.

दिवस मावळताना माझ्या शेजारी बसलेला किसन एकदम ओरडला, "धरणी हालली!" माणसं आणि बैल एकदमच उधळले. होमाजवळ आंधळी ठकूबाई तशीच बसून राहिली होती. बुवा पळाले नाहीत, तिच्या अंगावर पालथे पडले. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. बुवांच्या बरगड्या गेल्या.

त्यांना घरी आणलं. मी उशाशी बसलो. बोलताना तोंडातून रक्त यायचं.

"कोन वरडलं, तुला ठावं हाय?"

"व्हय. किसन."

"सांगू नगं कुनाला. जलमभर गावाला भिऊन ऱ्हाईल त्यो."

उजाडायच्या आत बुवा गेले. किसन परवाच वारला, म्हणून आज हे लिहितोय.

सकाळी पृथ्वी होती तिथंच होती. बुवांच्या दारात गाव जमलं. जो तो विचारत होता, "वरडला कोन?" पाटलाच्या हातात काठी होती. किसन सगळ्यांच्या मागं, कुडाला चिकटून उभा होता.

मी पुढं झालो. म्हटलं, "मी."

पाटलानं काठी उगारली, पण प्रेत दारात होतं, मारली नाही. थुंकला माझ्या पायाशी. मी तसाच वळलो आणि किसनला हाक मारली, "ये. खांदा दे."