आण्णांच्या आवाजासाठी कुठला माईक

"एवढासाच?" माझ्या हातातल्या माईककडे बघत अजितनं विचारलं. "पावणं, तो मोठा काढा की. टीव्हीवाल्यांचा असतोय बघा, केसाळ टोपीचा."

बॅगेत दोन माईक होते. एक वीतभरही नसलेला, खोलीत वापरायचा. दुसरा हातभर लांब, शॉटगन. बंदुकीच्या नळीसारखा दिसतो म्हणून ते नाव. या नळीला बाजूंनी बारीक चिरा असतात. समोरून येणारा आवाज सरळ आत जातो. बाजूनं येणारा वेगवेगळ्या चिरांमधून थोडा पुढे-मागे शिरतो आणि आपला आपणच विरतो. उघड्यावर, गलक्यात, एकाच माणसाचा आवाज उचलायचा तर याच्यासारखा माईक नाही. बंद खोलीत मात्र त्याचं डोकं फिरतं. तोच आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून परत येतो आणि कुठला खरा ते नळीला कळत नाही.

हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी लांब माईक काढला. समोरच्याला नाही म्हणायची मला सवय नाही.

कुरुंदवाडला अजितच्या घरी आम्ही उभे होतो. त्याचे वडील भूपालआण्णा हे कुस्ती मैदानांचे निवेदक. आमच्या भागात कुस्ती नुसती बघत नाहीत, ऐकतातही. कोण पैलवान, कुणाचा पठ्ठा, आता कुठला डाव पडणार, हे सगळं निवेदक सांगतो आणि हजारो माणसं त्याच्या शब्दाबरोबर उठतात, बसतात. आण्णांनी जन्मभर तेच केलं. आता त्यांच्या घशात गाठ होती. परवा कोल्हापुरात ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार होते.

अजित फोनवर म्हणाला होता, "माझं पोरगं दीड वर्षाचं हाय. मोठं झाल्यावर म्हणंल, आजोबा मुकेच होते. तेवढं होऊ द्यायचं न्हाय."

मी येणार म्हणून घरच्यांनी हॉल रिकामा केला होता. गाद्या, सतरंज्या, पडदे, सोफा, सगळं बाहेर. फरशी धुऊन लख्ख. पाहुण्याला मोकळं वाटावं म्हणून. आवाज शोषून घेणारी प्रत्येक वस्तू त्या माणसांनी मोठ्या मायेनं अंगणात नेऊन ठेवली होती.

आण्णा इस्त्रीचा सदरा आणि फेटा घालून खुर्चीत बसले. बोलू लागले. मी हेडफोन लावला. रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज.

तेव्हाच 'थांबा' म्हणायला हवं होतं. गाद्या परत आणा, तो लहान माईक लावू. दोन वाक्यं. पण सगळं घर भिंतीला पाठ लावून, श्वास धरून ऐकत होतं. मी गप्प राहिलो. मध्ये कसं बोलायचं?

जैनांचं घर, म्हणून सूर्यास्ताच्या आत मला जेवायला बसवलं. वाढता वाढता अजितनं विचारलं, "झालं न्हवं झकास?"

"हो," मी म्हणालो.

उचगावला घरी आल्याबरोबर मी ते स्पीकरवर लावलं. सॉफ्टवेअरनं घुमारा थोडा कमी होतो, पण त्याबरोबर माणसाचा जीवही कमी होतो. तासभर झटलो. आण्णा प्लॅस्टिकचे वाटायला लागले.

मग एक विचार आला. असंच देऊन टाकावं. कुणाला कळणार? परवानंतर तुलना करायला खरा आवाज असणारच नाही. असा विचार माझ्या डोक्यात आला होता, हे आज पहिल्यांदा लिहितो. हे काही आकाशातून पडलं नव्हतं. लग्नाच्या व्हिडिओत आवाज बिघडला की 'तुमच्या टीव्हीचे स्पीकर बघा' असं मी पूर्वी बिनदिक्कत सांगितलेलं आहे.

पण टीव्ही पुन्हा लावता येतो, हा आवाज नाही. मी फोन उचलला.

"अजित, रेकॉर्डिंग वाईट झालंय. चूक माझी आहे."

"म्हंजे? तुम्ही तर व्हय म्हणालासा!"

"खोटं बोललो."

तो ओरडलाच. "उद्या दुपारी ॲडमिट करायचं हाय त्यास्नी! आणि आता सांगताय व्हय?"

मागून आण्णांचा आवाज आला, "काय म्हणतोय त्यो?" अजितनं सांगितलं. आण्णांनी फोन घेतला.

"बरं झालं," ते म्हणाले. "घरात मी कुठं बोलतोय? घरात तुझी काकू बोलती. सकाळी मैदानावर ये."

सकाळी मैदान रिकामं होतं. मधोमध लाल मातीचा हौद, भोवती चढती जमीन. भिंती नाहीत, छप्पर नाही. वारा होता, म्हणून लांब माईकला केसाळ कव्हर चढवलं. अजित माझ्याशी बोलत नव्हता. कडेवर त्याचा मुलगा पार्श्व. आण्णांनी तोंड उघडलं आणि रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून आला.

"थांबा," मी म्हणालो.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "आरं, आजपातूर पैलवानबी मला थांबवत न्हवतं." पण थांबले.

अजित म्हणाला, "आण्णा, जरा हळू. डॉक्टरनी ताण देऊ नका म्हटलंय."

"उद्या काढूनच टाकणार हायत. जपून कुणासाठी ठेवू?"

ट्रॅक्टर गेला. आण्णांनी हौदाकडे हात केला.

"ऐका होऽऽ! आता मैदानात येतोय भूपालचा नातू, अजितचा पठ्ठा, कुरुंदवाडचा पार्श्वऽऽ!"

रेकॉर्डरवरचा दिवा लाल झाला. मी घाईनं आवाजाची लेव्हल खाली आणली. कालचा खुर्चीतला माणूस हा नव्हेच. आवाजात खरखर होती, पण तो फेकला की खरखरीसकट मैदानाच्या पार टोकाला जाऊन पडत होता.

"वय वर्षं वीस! नुस्त्या दुधावर न्हाय, आज्जीच्या शिव्यांवर वाढलाय! समोर कोण हाय? कोणबी असूं दे! हात मिळवला... पट काढला, पट काढला! मागं गेला... बघा, बघाऽ, उचललाय!"

ते हौदाभोवती फिरत होते. मी माईक तोंडाच्या रेषेत धरून त्यांच्यासोबत फिरत होतो. रेष जरा हुकली की आवाज पातळ होतो. हेडफोनमध्ये वारा नव्हता, रस्ता नव्हता. फक्त तो आवाज आणि त्या आवाजातली गर्दी. मला ती गर्दी दिसत होती. खोटं नाही सांगत. वीस वर्षांनंतरचा कुणी धिप्पाड पोरगा मातीत झुंजत होता आणि रिकाम्या मैदानावर माझ्या अंगावर काटा उभा होता. रस्त्यावर दोन सायकलवाले पाय टेकून उभे राहिले. शेताकडे निघालेल्या बायका थांबल्या. सगळ्यांची नजर हौदात. हौदात कुणीही नव्हतं.

"चीतपट! अस्मान दाखवलं! ह्या कुस्तीला निकाल हाय, मंडळी!"

सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. अजितनं तोंड फिरवलं होतं.

आण्णा दमले होते. दम घेऊन, नेहमीच्या मैदानाचा शेवट करतात तसं म्हणाले, "मैदान संपलं. घरला जावा. गाड्या सावकाश हाणा."

ऑपरेशन नीट झालं. आण्णा बरे होऊन घरी आल्यावर मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. अंगणात स्पीकर लावला. आण्णा बाजेवर बसून ऐकत होते, गळ्याला पांढरी पट्टी. पार्श्व खाली मातीत खेळत होता. 'ऐका हो' आलं आणि त्यानं हातातलं सगळं टाकलं. स्पीकरकडे त्यानं बघितलंही नाही. तो आण्णांच्या तोंडाकडे बघत राहिला.

अजित हळूच म्हणाला, "ओळखलंय त्यानं."

नवीन मुलं मला विचारतात, चांगला शॉटगन माईक कुठला घ्यावा. मी सांगतो, आधी जागेत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी परत आली तर शॉटगन बॅगेतच ठेवा. समोरचा कितीही म्हणाला तरी. आणि हेडफोनमध्ये काही चुकीचं वाटलं, तर त्याच क्षणी बोला. ती सोय कुठल्याच माईकमध्ये नसते.