नव्या काकू

दवाखान्याच्या बाकावर काकूंना बसवलं आणि मीही भिंतीला डोकं टेकलं. हल्ली आम्हां दोघांचा निम्मा दिवस इथेच जातो. थोड्या वेळाने नंबर आला तेव्हा मी हलकेच म्हटलं, "नव्या काकू, उठताय ना?" दारातल्या नर्सने त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे पाहिलं.

शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा कार्थेजच्या धड्याला मी नेहमी त्या नावापाशी थांबायचो. फिनिशियन लोकांनी शहर वसवलं आणि आपल्या भाषेत त्याला सरळ 'नवं शहर' म्हटलं. ग्रीकांच्या जिभेवर त्याचं कार्खेडोन झालं, रोमनांच्या जिभेवर कार्थागो. नाव पुढे गेलं, अर्थ मागेच राहिला. रोमनांनी ते शहर जाळलं, तेव्हाही ते त्याला नवंच म्हणत होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. तेव्हा मला याची गंमत वाटायची.

काकू लग्न होऊन आल्या, तेव्हा घरात दोन काकू आधीच होत्या. म्हणून या नव्या. पुढे ते नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांचं खरं नाव मलाही क्षणभर आठवावं लागतं.

"नव्या काकू?" नर्स हसून म्हणाली. "मग जुन्या कुठे आहेत?"

"त्यांचं शेवटपर्यंत सगळं मीच केलं," काकू माझ्या हाताला धरून उठत म्हणाल्या. "माझ्यामागून धाकटी कुणी आलीच नाही. नाहीतर मलाही जुनं होता आलं असतं."