शुभाताईचा गुडघा

"शुभा उठत नाही गं..." महिन्यापूर्वी सकाळी बाबांचा फोन आला आणि मी बोरिवलीहून मुलुंडला पोचेपर्यंत डॉक्टर हार्ट अटॅक म्हणून लिहून निघूनही गेले होते. नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "सोशिक होती हो पोर." सोशिक कसली डोंबलाची! माझी मोठी बहीण चांगली तोंडाळ होती. फक्त बाबांसमोर गप्प बसायची.

ती बारा वर्षांची असतानाची गोष्ट. अंगानं जाड होती. गुडघा दुखतो म्हणून रडायची. फॅमिली डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला, त्यात काही निघालं नाही. झालं! "नाटकं करू नको, वजन उतरव," म्हणत बाबा तिला रोज गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लावायचे. ती लंगडत, रडत मारायची... आणि एक दिवस तिथेच कोसळली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मग खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला. वाढत्या वयात खुब्याच्या हाडाचं टोक जागेवरून सरकलं होतं, आणि कळ मात्र गुडघ्यात यायची. ऑपरेशन झालं, पण डावा पाय कायमचा आखूड राहिला.

बाबा त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. म्हातारपणी त्यांचेच गुडघे धरले, तेव्हा रोज संध्याकाळी तेल चोळायला हीच बसायची. माझं डोकं फिरायचं. "कशाला करतेस गं एवढं?" तर म्हणायची, "एकदा 'चुकलो' म्हणू देत ना यार, मग बघ, तेलाची बाटली तुझ्या हातात देते." वाट बघत होती वेडी!

बाराव्यानंतर ताईच्या वस्तू वाटायला काढल्या. साड्या गेल्या, पर्स गेली. बूट राहिले. डाव्याचा तळ जाड करून घेतलेला, ते कुणाला होणार? बाबांनी तो बूट मांडीवर घेतला आणि तळाची जाडी बोटांनी चाचपत बसले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तो कधी हातात धरला नव्हता.

"एवढा फरक होता?" त्यांनी विचारलं. मग तळावरून पुन्हा अंगठा फिरवत, "चुकलंच माझं."

"मला काय सांगताय?" मी म्हटलं. "तिला सांगायचं होतं."

बूट आता त्यांच्या कॉटखाली आहेत. काकू म्हणते, उचल गं, त्यांना त्रास होतो. मी नाही उचलणार. होऊ दे.