फाटक गावाच्या हातात

बुरुलकान घरोघरी फिरून गावाचं दूध गोळा करायची, त्यामुळे नारीन नदीच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरात तिची ऊठबस होती. हे हेरूनच सोन्याच्या खाणीनं तिला नोकरीवर घेतलं. खाणीचं म्हणणं गावाला सांगायचं आणि गावाचं खाणीला. गावानं मात्र तिला लगेच परकं केलं. तिचा थोरला दीर शामेन तर दारातच म्हणायचा, "या, खाणीच्या सूनबाई! आज काय वाटायला आणलंय? टोप्या की कॅलेंडरं?"

ती हसून आत जायची, चहा घ्यायची, ऐकून घ्यायची.

वसंतात गुरं-घोडी वरच्या कुरणांकडे निघतात. तेवढे दिवस ट्रक बंद राहावेत म्हणून तिनं खाणीचा साहेब एलमान याच्यामागे तगादा लावला. त्यानं अखेर होकार दिला. बुरुलकाननं घरोघरी जाऊन सांगितलं, "बिनधास्त रस्त्यानं न्या."

आणि भर सकाळी वळणावर भोंगा वाजवत ट्रक आला. कळप उधळला. शामेनची गाभण घोडी कड्यावरून खाली गेली.

शामेन ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून रस्त्यानं आणली. नाहीतर ओढ्यातून नेली असती."

 बुरुलकाननं अंगातलं खाणीचं नारिंगी जाकीट उतरवलं, दगडावर ठेवलं आणि रस्त्याच्या मधोमध बसकण मारली. हळूहळू बाकीच्या बायकाही येऊन बसल्या.

एलमान धावत आला. "ताई, तुम्ही आमच्या ना? मग तुम्हीच रस्ता अडवायचा?"

"शब्द तुमचा होता बाबा, पण गेला माझ्या तोंडून. आता कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"भरपाई देतो. आजच देतो."

"ती द्यालच. आधी भाऊजींच्या घरी चला. खाली बसा, आणि ते बोलतील ते मुकाट ऐका."

शामेननं एलमानला मनसोक्त झापलं. एलमाननं मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, "दादा, ड्रायव्हरपर्यंत निरोप पोचलाच नव्हता. चूक त्याची नाही, माझी."

 शामेननं रोटी मोडून तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "तुझे निरोप पोचोत न पोचोत. ट्रक येतात त्या पुलावर फाटक लाव आणि चावी गावाकडे दे."

वरच्या साहेबांना ते पटेपर्यंत हिवाळाही सरला. तोवर बुरुलकान कामावर गेली नाही. पुन्हा दुधाच्या किटल्या उचलू लागली. फाटक उभं राहिलं, चावी गावच्या म्हाताऱ्यांकडे आली, तेव्हाच ती परतली. तीही एका अटीवर: यापुढे वचन द्यायचं असेल, तर साहेबानं स्वतः चावडीवर येऊन द्यायचं.

पुढच्या वसंतात कळप पूल ओलांडेस्तोवर फाटकापाशी ट्रकांची रांग इंजिनं बंद करून उभी होती. एक ड्रायव्हर खाली उतरून मागे राहिलेल्या कोकरांना हाकत होता.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. धुळीवरून भांडणं आहेत, नदीच्या पाण्यावरून तर जास्तच. परवा शामेन तणतणत तिच्या कचेरीत आला. तिनं खुर्ची पुढे केली आणि एलमानला फोन लावला, "खाली या. आमचे भाऊजी आलेत, रागात आहेत. सावकाशीनं वेळ काढून या."