अडकित्त्याने कापलेली गोळी

लातूरच्या बाजारातलं ड्रेस मटेरियलचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. आधी खांद्यावर गठ्ठा घेऊन दारोदार फिरले. व्यापारी असो की जागेचा मालक, मी म्हणेन त्याच भावाला सौदा ठरायचा. तापट म्हणतात मला, आणि ते खरं आहे. पण हदगावजवळच्या माहेरी, बाळंतिणीच्या खोलीत, साधं ‘नको’ म्हणायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, बाजेखाली शेगडी, कानाला घट्ट रुमाल, दोन वेळा ओव्याची धुरी. मुलगी देखणी आहे, असं येणारी प्रत्येक बाई म्हणायची. मी मात्र दुसऱ्याच्या दुकानातल्या मालाकडे बघावं तशी तिच्याकडे बघायची. ती रडली की हात उचलत नसत. ती झोपली तरी मला झोप नव्हती. आईला सांगितलं, तर तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि डिंकाचा लाडू पुढे केला. सव्वा महिना सरला की सगळं नीट होईल, हे तिचं ठरलेलं उत्तर.

बाळाचं वजन करायला येणाऱ्या आशाताईंनी एकदा बाळाआधी माझ्याकडे बघितलं. आईला चहा टाकायला पाठवलं आणि हळूच विचारलं, “बाई, जगू नये असं वाटून राहिलंय का?”

मी ‘हो’ अशी मान हलवली. एवढं करायलाही किती वेळ लागला.

हिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं म्हणून आशाताई आईशी तासभर भांडल्या. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, यावर आई अडून बसली. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन आला.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बाळंतपणानंतर येणारा नैराश्याचा आजार आहे, यात तुमचा दोष नाही. दिलेलं औषध घेऊन अंगावर पाजता येतं. रोज एक गोळी. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील. मला एकटं सोडायचं नाही आणि गोळ्या माझ्या हाताशी ठेवायच्या नाहीत, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. त्याने हे सगळं आईला सांगून पाकीट तिच्याकडे दिलं, आणि मी परत त्या खोलीत.

तीन आठवडे गेले. आई रोज तळहातावर औषध द्यायची, मी न बघता गिळायची. काही बदललं नाही. औषधानेही बरी होत नाही, म्हणजे आपण कामातून गेलो, हे मी मनाशी पक्कं केलं. त्याआधी निदान सुटका कुठेतरी आहे असं वाटायचं. आता तेही गेलं.

मग एका दुपारी दार लोटायचं राहिलं आणि मला समोर आई दिसली. सुपारीच्या अडकित्त्यात माझी गोळी धरून ती कापत होती. अर्धी पदराच्या गाठीत गेली, अर्धी माझ्यासाठी.

कित्येक दिवसांनी मला राग आला. मी उठून बाहेर आले आणि शेजारपाजारच्या बाया जमेपर्यंत ओरडले. आई शांतपणे म्हणाली, “पुरी गोळी दुधात उतरली असती. लेकरू सुस्त पडलं असतं म्हंजे?” डॉक्टरनं सांगितलेलं तुला ऐकू आलं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, डॉक्टरला काय, लेकरू आपलं हाय.

नवऱ्याला बोलावून मी तिलाही गाडीत बसवलं. नांदेडला डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तिने एकच विचारलं, पोरीला वेड लागलंय का. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या.

परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुझ्या वक्ताला मला बी असंच झालतं. वरीसभर. मला कुणी इचारलं न्हाई.”

तिची कीव यायला हवी होती. मला रागच आला. म्हणजे हिला माहीत होतं. त्या खोलीत काय होतं हे गावात तिला एकटीला माहीत होतं, आणि तिनेच माझी गोळी अर्धी केली.

तिथून मी लातूरला आले. पूर्ण गोळ्या घेतल्या, डॉक्टर सांगतील तितके महिने. महिन्याभराने झोप लागू लागली. मुलीला उराशी धरावंसं वाटायला त्याहून जास्त वेळ लागला. आई तिला बघायला येते, मी जेवू घालते, चांगलं बोलते. त्या गोळ्यांबद्दल तिने अजून एक शब्द काढलेला नाही, आणि मीही तो राग सोडलेला नाही.